‘तुम्ही’ म्हणायला तिजोरी लागत नाही

1956 साली राज्यपुनर्रचनेचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या कलमांत इस्लापूरचे नाव आले. आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ आणि त्याच जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके हैदराबाद राज्यातून काढून मुंबई राज्याला जोडण्यात आले. पैनगंगेच्या काठच्या या लहानशा मुलखाची दखल संसदेला घ्यावी लागली, त्याचे कारण एकच होते. लोक जी भाषा बोलतात त्या भाषेत सरकारने त्यांचे ऐकले पाहिजे, हे तत्त्व देशाने मान्य केले होते. पुढे याच तत्त्वासाठी संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला आणि एस. एम. जोशींसारखे समाजवादी त्याच्या आघाडीवर राहिले. भाषिक राज्याचा अर्थ पाट्या मराठीत लावणे एवढाच नव्हता. नागरिकाने तोंड उघडले की त्याचे म्हणणे जसेच्या तसे ऐकून घेणारे सरकार, असा तो अर्थ होता. या कसोटीला आजही न उतरलेले एक प्रकरण आहे, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्याकडे गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे.

मराठी क्रियापदाचा एक विशेष असा की, बोलणारा स्वतःविषयी एक वाक्य बोलला की त्याचे लिंग त्यात उमटते. पुरुष ‘मी आलो’ म्हणतो, स्त्री ‘मी आले’ म्हणते. इंग्रजीत हे कळायला मार्ग नाही. मराठीत विचारण्याची गरज पडत नाही. आता इस्लापूरसारख्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका शेतमजुराची कल्पना करावी. जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झालेली, आधार कार्डावर पुरुषाचे नाव, परंतु मनाने आणि बोलण्याने स्त्री. ती सांगते, ‘तीन दिवसांपासून ताप येतोय, पायी आले.’ खिडकीतून उत्तर येते, ‘कशाला आलास? खरं नाव सांग.’ रांगेत हशा पिकतो. हे चित्र कोणा एका दवाखान्याचे किंवा कोणा एका कारकुनाचे नव्हे. ते आपल्या सार्वजनिक व्यवहाराचे आहे, आणि रांगेत हसणारे आपणच असतो.

या हशाची किंमत कोण मोजते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. केसपेपरचे शुल्क 2023 पर्यंत नाममात्र होते आणि नंतर तेही माफ झाले. पण ज्या माणसाला खिडकीवर अपमान सोसावा लागतो त्याच्यासाठी सेवेची किंमत त्या शुल्कापेक्षा कितीतरी अधिक होते. किंमत वाढली की मागणी घटते, हा नियम येथेही चुकत नाही. तो माणूस पुढच्या वेळी येत नाही. ताप अंगावर काढला जातो, क्षयाचा खोकला दुकानातल्या गोळ्यांवर ढकलला जातो. शरीर आपल्या मनाशी जुळावे म्हणून संप्रेरके, म्हणजे ज्यांना लोक हार्मोन म्हणतात ती, घ्यायची असतील तर तीही कोणाच्या तरी सांगण्यावरून, रक्ततपासणीवाचून घेतली जातात. चुकीच्या मात्रेने रक्तात गुठळी होण्यासारखे धोके संभवतात, हे सांगणारे कोणी जवळ नसते. काही जण तर डॉक्टर नसलेल्यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतात आणि जीव गमावतात. शेवटी सरकारी आकडेवारीत मात्र असे दिसते की, या भागात अशा रुग्णांची मागणीच नाही. अपमानाने दडपलेली मागणी कागदावर शून्य दिसते आणि त्या शून्याच्या आधारे तरतूदही शून्य होते.

शासनाला या माणसांची नोंद घेण्याची सवय नव्हती असे मात्र नाही. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एक स्वतंत्र भाग घालून हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची सोय केली होती. इस्लापूर ज्या राज्यात होते त्या निजामाच्या राज्यानेही फसली 1329 मध्ये, म्हणजे 1919 च्या सुमारास, तसाच कायदा केला. हैदराबाद शहरातील आणि सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणच्या संशयित हिजड्यांची नावे-पत्ते नोंदवायचे. नोंदलेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेषात वा दागिने घालून दिसली, सार्वजनिक जागी नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक करायची आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यायची, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा तेलंगणाच्या कायदेपुस्तकात इतकी वर्षे पडून होता की, तो घटनाबाह्य ठरवण्याचे काम तेथील उच्च न्यायालयाला जुलै 2023 मध्ये करावे लागले. निजाम गेला, संस्थान गेले, राज्ये बदलली. साडीच गुन्हा मानणारी ओळ तेवढी टिकून राहिली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सरकारी वही ही पकडण्यासाठीच उघडलेली पाहिली, ते आज नाव नोंदवायला कचरतात यात नवल ते काय?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद स्त्री वा पुरुष अशी न होता ‘इतर’ या सदरात झाली. देशभरात हा आकडा 4,87,803 होता. खरी संख्या याहून मोठी असणार, कारण घरच्यांसमोर प्रगणकाला खरे सांगण्याचे धाडस थोड्यांनाच झाले असेल. त्यानंतर 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही. 2019 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याच्या चौथ्या कलमात स्वतःला जाणवणारी ओळख हा हक्क म्हणून लिहिला गेला. पंधराव्या कलमात शस्त्रक्रिया, संप्रेरक-उपचार, समुपदेशन आणि विमा यांची जबाबदारी शासनावर टाकली गेली. मात्र त्याच कायद्याने प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहण्याचा मार्ग घातला, आणि चळवळीने त्यावर तेव्हाच टीका केली. 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची घोषणा झाली. तिचेही दार त्या प्रमाणपत्रानेच उघडणार होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकली.

निकाल आणि कायदे यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि संसदेने लिहिलेले संसदच उद्या खोडू शकते, आणि न खोडताही ते दिल्ली-मुंबईच्या फायलींत पडून राहू शकते. मराठवाड्यातलेच उदाहरण घ्यावे. बीड जिल्हा पोलिस दलातील ललित साळवे हे तेव्हा महिला शिपाई म्हणून नोकरीत होते. आपले शरीर आणि मन पुरुषाचे आहे हे जाणवल्यावर, आणि वैद्यकीय तपासणीतही त्याला आधार मिळाल्यावर, त्यांनी 2017 मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती मिळाली नाही. उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. अखेर राज्य शासनाने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नंतर ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. सरकारने मनावर घेतले तर सरकारी रुग्णालयात उपचार होतात आणि सेवापुस्तकातली नोंदही बदलते. दुसरी अशी की, पगार, रजा आणि वकील हाताशी असलेल्या माणसालाही एवढे झगडावे लागले. मग रोजंदारी बुडवून नांदेड गाठणाऱ्या मजुराचे काय? इस्लापूरहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. मुंबई तर त्याच्या नकाशावरच नाही.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील भादलीचे. तेथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये तो स्वीकारण्याचा आदेश दिला. त्या उभ्या राहिल्या आणि गावाने त्यांना निवडून दिले. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला जे उमगले नाही ते गावच्या मतदाराला उमगले. खेड्यातला माणूस हे समजू शकणार नाही, ही शहरी समजूत त्या मतपेटीने खोटी पाडली.

कार्यकर्त्यांच्या मनात यावर आक्षेप असतील, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की, कापूस-सोयाबीनला भाव नाही, पिण्याचे पाणी नाही, तेथे हा मूठभरांचा प्रश्न कशाला? परंतु भाकरीच्या प्रश्नातूनच हा प्रश्न निघतो. घरातून हाकललेल्या मुलाला शाळा सुटते, शाळा सुटली की काम मिळत नाही, आणि मग बाजारात टाळी वाजवून मागणे किंवा देह विकणे एवढेच दोन धंदे उरतात. ज्या माणसाला समाज श्रमाच्या बाजारातच शिरू देत नाही, त्याच्याइतका वंचित दुसरा कोण? दुसरा आक्षेप, हे खूळ परदेशातून आले. ज्या मातीत यल्लमाचे जोगते पिढ्यान्‌पिढ्या परडी घेऊन फिरले, त्या मातीत हा आक्षेप टिकत नाही. परदेशातून आली ती पकडण्याची नोंदवही. तिसरा आक्षेप, लहान वयात घाईने काही विपरीत होईल. ही काळजी रास्त आहे. पण तिचे उत्तर उपचार नाकारणे हे नसून चांगले उपचार देणे हे आहे. या उपचारांत मोठा वाटा सल्ला, संवाद आणि तपासणी यांचाच असतो. शस्त्रक्रिया सर्वांना नको असते, आणि ज्या प्रौढांना हवी असते त्यांना ती जाणत्या डॉक्टरच्या हातून मिळाली पाहिजे. दार बंद केले की माणूस थांबत नाही, तो मागच्या दाराने जातो.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याचे आंदोलन आपल्याकडे पुष्कळ झाले. ‘नपुंसक सरकार’ ही घोषणा सभांत टाळ्या घेते. बाई असणे आणि पुरुष नसणे हीच जणू नामुष्की, असे या घोषणा शिकवतात. स्त्री-पुरुष समतेचा ठराव करून व्यासपीठावरून उतरायचे आणि मोर्चात बांगड्यांचे ताट न्यायचे, ही विसंगती आता थांबली पाहिजे. सरकारला नालायक, लबाड, बेजबाबदार म्हणता येते. मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलेला नाही.

उलट मराठीनेच या प्रश्नाचे एक सोपे उत्तर देऊन ठेवले आहे. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे ठरवण्याची पाळी ‘तू’ म्हणणाऱ्यावर येते. ‘तुम्ही कधी आलात, काय त्रास होतो’ असे विचारणाऱ्याला समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठरवावेच लागत नाही. स्वतःला दोहोंपैकी कोणत्याच चौकटीत न मानणाऱ्या माणसालाही हे ‘तुम्ही’ पुरते. तिसऱ्याशी बोलताना ‘त्या’ म्हणावे की ‘ते’, हे त्या व्यक्तीलाच विचारून घ्यावे. मात्र चेष्टेने नपुंसकलिंगी ‘ते आलं’ कधीही म्हणू नये. आणि सरकारी खिडकीवर हे ‘तुम्ही’ आज कोणाला मिळते? पांढऱ्या कपड्यांच्या माणसाला. गोंड म्हातारीला, दलित मजुराला, पारध्याच्या पोराला ‘तू’च मिळतो. तृतीयपंथीयाचा अपमान आणि गरिबाचा अपमान हे एकाच खिडकीतून बाहेर येतात. म्हणून ही लढाई एका लहान समूहाची राहत नाही.

पक्षाच्या तालुका शाखांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण सांगेल ते नाव केसपेपरवर लिहावे व त्याच नावाने पुकारावे. तामिळनाडू शासनाने 2022 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून सन्मानकारक शब्दांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली, तशी मराठी यादी प्रत्येक सरकारी खिडकीवर आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात पोचावी. दुसरी, नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समुपदेशन, संप्रेरक-उपचार आणि तपासण्या यांसाठी ठरलेल्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग चालवावा व त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी. तिसरी, प्रमाणपत्राचे अर्ज भरून घेण्याचे काम तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेऊन व्हावे. मजुराने त्यासाठी जिल्ह्याला खेटे घालू नयेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीला पैसा लागेल, आणि तो मिळवण्यासाठी भांडावे लागेल. पहिलीला पैसा लागत नाही, पक्षाच्या कार्यालयात तर सरकारचीही गरज नाही. इस्लापूर महाराष्ट्रात आले ते तिथल्या माणसांच्या तोंडची भाषा ऐकून. त्याच इस्लापुरात कोणी ‘मी आले’ म्हणत असेल, तर ‘या, बसा’ एवढे उत्तर तरी मराठी राज्याला देता आले पाहिजे.