वहीचें पान आणि वहीची स्मृति

आमच्या संगणकाच्या तासाला एक तक्रार नेहमीं कानीं पडते: "सर, काल उत्तर बरोबर आलें होतें, आज तीच वही चालत नाहीं!" वर्ग हंसतो, आणि दोष यंत्राच्या माथीं मारून सर्व मोकळे होतात. आमचें मत निराळें आहे. दोष बहुधा आमच्या बोटांचा असतो, आणि त्याहूनहि अधिक वह्या तपासण्याच्या रीतीचा असतो.

ज्या वाचकांनीं ही वही पाहिली नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. फर्नांडो पेरेझ ह्या कोलंबियांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें २००१ सालीं आयपायथन नांवाचें साधन रचण्यास आरंभ केला. त्यांतूनच २०११ सालीं ही वही निघाली. आणि २०१४ सालीं ज्यूलिया, पायथन व आर ह्या तीन संगणकभाषांवरून त्या उपक्रमास 'ज्युपिटर' हें नांव मिळालें. तिचें पान कप्प्यांचें असतें. त्या कप्प्यांस सेल म्हणतात. सेलमध्यें आज्ञा लिहून शिफ्ट व एंटर ह्या कळा एकदम दाबल्या कीं उत्तर खालीं उमटतें.

कळफलक मात्र येथें दोन प्रकारांनीं वागतो. एंटर दाबून सेलच्या आंत शिरलें म्हणजे एडिट मोड. तेथें जें अक्षर दाबावें तें उमटतें. एस्केप दाबून बाहेर आलें म्हणजे कमांड मोड. तेथें तेंच अक्षर हुकूम होऊन बसतें. 'ए' दाबल्यास वर नवा सेल येतो, 'बी' दाबल्यास खालीं येतो, 'डी' दोनदां दाबल्यास असलेला सेल नाहींसा होतो, आणि 'झेड' दाबल्यास तो परत मिळतो. आमच्यापैकीं एकास वाशिम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहा तालुक्यांच्या पावसाच्या आंकड्यांतून मोठ्यांत मोठा आंकडा काढावयाचा होता. त्यानें 'मॅक्स' हा शब्द टंकिला; पण तो होता कमांड मोडमध्यें. 'एम'नें त्याचा सेल साध्या मजकुराचा झाला, 'ए'नें वर एक रिकामा सेल आला, 'एक्स'नें तो कापला गेला. पडद्यावर एकहि अक्षर उमटलें नाहीं, आणि सेल मात्र गणित करीनासा झाला! 'वाय' दाबतांच तो पूर्ववत् होतो, हें कळेपर्यंत अर्धा तास संपला होता.

लॅरी टेस्लर नांवाच्या प्रसिद्ध संगणकतज्ज्ञास अशा मोडांचा एवढा तिटकारा होता कीं, त्यानें आपल्या मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवरच 'मोड नकोत' असें इंग्रजींत लिहविलें होतें. आम्ही इतके पुढें जात नाहीं. हात बसल्यावर कमांड मोडनें काम झपाट्यानें होतें. परंतु एका संगणकावर तिघे बसणाऱ्या वर्गांत पहिला कोणत्या मोडमध्यें उठून गेला हें दुसऱ्यास कळत नाहीं. जुन्या आवृत्तींत एडिट मोडची चौकट हिरवी असे; ती खूणहि नव्या आवृत्तींत राहिली नाहीं. म्हणून लघुकळांची लांबलचक यादी भिंतीवर टांगण्यापेक्षां, कळेस बोट लावण्यापूर्वीं सेलमध्यें कर्सर लुकलुकतो कीं नाहीं हें पाहण्याची संवय पहिल्याच दिवशीं लावावी.

खरा धोका ह्यापुढें आहे. १९३९ सालीं उजेडांत आलेल्या वाशिमच्या ताम्रपटांत राजा विंध्यशक्तीचें दान कोरलेलें आहे. तेथें जें कोरलें तेंच वाचावयाचें. ह्या वहीचें तसें नाहीं. 'डी' दोनदां दाबून सेल पुसला, तरी त्यानें यंत्राच्या स्मृतींत ठेवलेला आंकडा जिवंतच राहतो, आणि खालचे सेल त्या अदृश्य आंकड्यावर बिनदिक्कत उत्तरें देत राहतात. पान स्वच्छ, उत्तर बरोबर, छापील प्रत सुंदर; आणि दुसऱ्या यंत्रावर तीच वही पहिल्याच अडचणींत थांबते. सेलच्या डाव्या बाजूस कंसांत जो अंक येतो तो ह्याचा साक्षीदार आहे. वर ७ आणि त्याखालीं ३ दिसला, तर सेल ज्या क्रमानें मांडले त्या क्रमानें चालविलेले नाहींत, हें निश्चित समजावें.

ही खोड केवळ शाळकरी मुलांची नव्हे. २०१९ सालीं पिमेंटेल प्रभृति संशोधकांनीं गिटहबवरील सुमारे १४ लक्ष वह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ज्या त्यांनीं पुन्हां चालवून पाहिल्या, त्यांपैकीं सुमारे २४ टक्केच शेवटपर्यंत निर्दोष चालल्या. आणि मूळचींच उत्तरें तर अवघ्या ४ टक्क्यांच्या आसपास वह्यांनीं दिलीं.

आमच्याकडे ही परीक्षा कधीं कधीं वीजच घेते. तासाच्या मध्येंच ती जाते, यंत्राची सारी स्मृति पुसली जाते, आणि वीज परत आल्यावर वहींतील छापील उत्तरें तेवढीं जागच्या जागीं असतात; त्यांच्यामागें कांहीं नसतें. तेव्हां ज्याची वही वरपासून खालपर्यंत चालते तो निवांत असतो, बाकीचे आकाशाकडे पाहतात.

वीज जाण्याची वाट कशाला पाहावी? प्रात्यक्षिकाच्या वहीची छापील प्रत घेणें गुरुजनांनीं बंद करावें, अशी आमची विनंति आहे. विद्यार्थ्यानें त्यांच्यासमोर यंत्राची स्मृति रिकामी करून सर्व सेल वरून खालीं चालवून दाखवावेत. यादींत त्यासाठीं एकच आज्ञा आहे. जुन्या यंत्रांवर ह्यास वेळ लागेल हें खरें, आणि कांहींचे गुणहि घटतील. गेल्या सत्रांत ही रीत असती तर आमचेहि घटले असते.