बुडाली तर काय करशील?

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर मोठें, तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात. त्या दिवशीं घरांत नेहमींपेक्षां गडबड अधिक होती. धाकट्या पातीचा एक पुतण्या दोन मित्रांसह अवघ्या चौतीस फूट लांबीच्या शिडाच्या नौकेंतून मुंबईहून कोचीन, तेथून मालदीव व पुढें सेशेल्स बेटांपर्यंत जावयास निघणार होता. काका मंडळी नकाशा पसरून बसली होती. वहिनी मेतकूट, भाजणी व लाडू यांचे डबे भरण्याच्या बेतांत होत्या. इतक्यांत कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आजींनीं मान वर करून विचारलें, "अरे, पण होडी बुडाली तर काय करशील?"

झालें! "आई, निघण्याच्या वेळीं हें काय बोलणें?" म्हणून थोरले काका रागावले. मुलगा हसून "कांहीं होत नाहीं ग आजी" म्हणाला आणि विषय तेथेंच मिटला. आजी पुन्हां वातींकडे वळल्या.

घरीं परततांना आम्हांस राहून राहून वाटत होतें कीं त्या माजघरांत त्या दिवशीं शहाणपणाचा प्रश्न एकच विचारला गेला आणि त्याचेंच उत्तर कोणीं दिलें नाहीं. अशुभ उच्चारलें कीं तें ओढवतें, ही समजूत आपल्या घरांत अजून पक्की आहे. परंतु महाभारताच्या शांतिपर्वांत आपद्धर्मावर एक संपूर्ण उपपर्व खर्ची पडलें आहे. त्यास कोणी अशुभ म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. त्यांतच तीन माशांची ती प्रसिद्ध कथा आहे. संकट येण्यापूर्वींच तजवीज करणारा अनागतविधाता, ऐन वेळीं युक्ति सुचणारा प्रत्युत्पन्नमति, आणि चालढकल करणारा दीर्घसूत्री. पहिले दोघे वांचले, तिसरा मेला, हें आपण मुलांना सांगतों. मात्र घरांतला मुलगा समुद्रावर निघाला कीं आपण त्यास पहिल्या माशाचा धडा द्यावयास कचरतों.

आजींचा प्रश्न एका कुटुंबावर खरोखरच येऊन कोसळला होता. डूगल रॉबर्टसन हे पूर्वीं व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. पुढें इंग्लंडांत शेती करीत. १९७१ च्या जानेवारींत पत्नी व मुलांसह 'ल्यूसेट' नांवाच्या त्रेचाळीस फुटी नौकेंतून ते जगप्रवासास निघाले. १५ जून १९७२ रोजीं, पॅसिफिक महासागरांत, गॅलापागोस बेटांपासून सुमारें २०० मैलांवर किलर व्हेल जातीच्या देवमाशांनीं नौकेच्या बुडास धडक दिली आणि कांहीं मिनिटांत नौका तळाशीं गेली. तिच्यावर सहा माणसें होतीं: पति-पत्नी, थोरला मुलगा, दोन जुळे मुलगे आणि पनामाला येऊन मिळालेला एक तरुण विद्यार्थी. हातीं लागलें तें एवढेंच: हवा भरलेला एक रबरी तराफा, एक नऊ फुटी होडी, सुमारें दहा दिवसांचें पाणी व थोडें अन्न. जमिनीवर कोणास याचा पत्ताही नव्हता.

आठवडाभरांत एक जहाज जवळून गेलें. त्यांनीं फ्लेअर, म्हणजे संकटाची खूण म्हणून जाळावयाचे लाल प्रकाशाचे बाण, उडविले. जहाजावर कोणाचें लक्ष गेलें नाहीं. अडीच आठवड्यांच्या सुमारास तराफा निकामी झाला आणि सहाही जणांस त्या नऊ फुटी होडींत दाटीनें बसावें लागलें. पावसाचें पाणी धरून, समुद्रांतलीं कासवें मारून, त्यांचें मांस उन्हांत वाळवून तीं माणसें जगलीं. आमच्या शाकाहारी वाचकांच्या अंगावर कांटा येईल. परंतु आपद्धर्म म्हणजे काय, हें याहून स्पष्ट कसें सांगावें? ३८ व्या दिवशीं जपून ठेवलेला एक फ्लेअर पाहून 'तोका मारू' नांवाचें जपानी मासेमारी जहाज त्यांच्याकडे वळलें. सहाही जण जिवंत होते.

या हकीकतींत आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें पुढचें. डूगल यांनीं भोगलेल्या दुःखाची नुसती कहाणी सांगून थांबणें पत्करलें नाहीं. अशा प्रसंगीं जवळ काय असावें, कसें वागावें, याविषयीं त्यांनीं एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिलें. पुढें १९८२ च्या फेब्रुवारींत अटलांटिक महासागरांत स्टीव्हन कॅलहान या अमेरिकन तरुणाची, त्यानें स्वतः बांधलेली एकवीस फुटी नौका रात्रींच्या वादळांत फुटली. तो तराफ्यावर उतरला. परंतु तराफ्याची दोरी त्यानें लगेच कापली नाहीं. नौका अर्धीमुर्धी तरंगत आहे असें पाहून तो पाण्यानें भरलेल्या खोलींत पुन्हां शिरला आणि आधींच भरून ठेवलेली संकटाची पिशवी सोडवून घेऊन आला. त्या पिशवींत डूगल यांचें तें पुस्तक होतें. उन्हाच्या उष्णतेनें खाऱ्या पाण्याचें गोडें पाणी करणारीं साधनेंही तींतच होतीं. ७६ दिवसांनीं वेस्ट इंडीजमधील मारी-गालांत बेटाजवळ कोळ्यांनीं त्यास उचललें. एका कुटुंबानें सोसलें तें दहा वर्षांनीं एका परक्या माणसाच्या कामीं आलें.

तेव्हां ऐन वेळीं उचलावयाची पिशवी ही पहिली गोष्ट. ती पाण्यावर तरंगणारी असावी, बाहेर पडण्याच्या दारापाशीं बांधलेली असावी आणि अंधारांत चांचपून सांपडावी. तींत पिण्याचें पाणी, खाऱ्या पाण्याचें गोडें करणारा हातपंप, फ्लेअर, सूर्यप्रकाश परावर्तित करावयाचा आरसा, विजेरी, सुरी, मासे धरण्याचे गळ, हातांत मावणारें बिनतारी बोलण्याचें यंत्र, नेहमींची औषधें, चष्म्याचा दुसरा जोड व पारपत्र, इतकें तरी हवेंच. उलटी थांबविणाऱ्या गोळ्या विसरूं नयेत. तराफ्यांत बसतांच ओकारी सुरू होते व शरीरांतलें मोलाचें पाणी वायां जातें. कितीही तहान लागली तरी समुद्राचें पाणी पिऊं नये; त्यांतलें मीठ बाहेर टाकावयास शरीर त्याहून अधिक पाणी खर्च करतें. फ्लेअरवर मुदत छापलेली असते. ती टळलेली नाहीं ना, हें निघण्यापूर्वीं पाहावें.

परंतु पिशवी उचलण्याची पाळी येऊंच नये, यासाठीं करावयाच्या गोष्टी अधिक आहेत व त्या स्वस्तही आहेत. नौकेच्या बुडांत पाण्याच्या नळांसाठीं भोकें असतात. प्रत्येकाशेजारीं त्याच मापाचें लांकडी बूच दोरीनें बांधून ठेवावें. डोलकाठी मोडून पडली तर तिच्या तारा तत्काळ तोडाव्या लागतात, नाहींतर तीच काठी लाटेबरोबर नौकेच्या कुशीस भोंसकते. म्हणून तारा तोडण्याची मोठी कातर हाताशीं असावी. सुकाणूचें चाक बिघडलें तर लावावयाचा जादा दांडा नुसता बाळगून उपयोगीं नाहीं. तो शांत समुद्रांत एकदां तरी लावून पाहिलेला असावा. कोणी पाण्यांत पडलाच, तर एकानें दुसरें कांहींएक न करतां त्याच्याकडे बोट रोखून उभें राहावें. लाटांत माणसाचें डोकें एकदां नजरेआड झालें कीं पुन्हां सांपडणें महाकठीण.

आणि नौका सोडण्याची घाई करूं नये. १९७९ सालीं इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रांत फास्टनेट नांवाच्या शर्यतींत ३०३ नौका निघाल्या असतां मोठें वादळ झालें व १५ खलाशी दगावले. लोकांनीं २४ नौका सोडून दिल्या. त्यांपैकीं बुडाल्या फक्त ५. बाकीच्या मागाहून तरंगतांना सांपडल्या. तराफा तयार ठेवावा, परंतु नौका पायांखालून खरोखरच जात असेल तेव्हांच त्यावर उतरावें, हा धडा दर्यावर्दी तेव्हांपासून मुलांना शिकवितात. तराफा पाण्यांत टाकण्यापूर्वीं त्याची दोरी नौकेस बांधली आहे ना, हें पाहणेंही त्यांतच येतें. एरव्हीं वारा त्यास क्षणांत उडवून नेतो.

रॉबर्टसन कुटुंबाजवळ नसलेली एक गोष्ट आज कोणत्याही लहान नौकेस मिळूं शकते: उपग्रहांकडे संकटाची खूण पाठविणारें हातभर उंचीचें यंत्र. दर्यावर्दी त्यास ईपर्ब म्हणतात. एकदां चालू केलें कीं निदान ४८ तास तें आपली ओळख व ठिकाण आकाशांत कळवीत राहतें. त्याचा उपयोग किती, हें आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या प्रसंगानें सर्वांस कळलें. कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं कोठेंही न थांबतां ती पुरी केली. पुढें २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत टॉमी 'तुरिया' या गोव्यांतच बांधलेल्या नौकेंतून एकटे जात असतां, २१ सप्टेंबर रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत प्रचंड वादळानें नौका उलटली, डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. उठून चालणेंही अशक्य झालें. जवळचा किनारा शेंकडों कोस दूर. तरीही त्यांचें ठिकाण जगास ठाऊक होतें. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रानें सूत्रें हालविलीं, आपल्या नौदलाचें विमान त्यांच्यावरून घिरट्या घालून आलें, आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांस सुखरूप उचललें. ३८ दिवसांच्या जागीं तीन दिवस! २०२३ सालीं हेच टॉमी त्याच शर्यतींत दुसरे आले.

आतां आम्ही मुद्द्यावर येतों, आणि हा मुद्दा नौकेवरच्यांपेक्षां घरांतल्यांसाठीं आहे. हें यंत्र विकत घेतल्यावर त्याची नोंद करावी लागते. आपल्या देशांत ती बेंगळूरु येथील इस्रोच्या केंद्रांत होते. नोंदींत किनाऱ्यावरच्या आप्तांचे दूरध्वनि द्यावयाचे असतात. खूण उमटतांच शोधकेंद्र प्रथम त्या क्रमांकावर विचारणा करतें, कारण चुकून चालू झालेल्या यंत्रांच्या खुणाही पुष्कळ येतात. नौका खरोखर समुद्रावर आहे काय? माणसें किती? नौकेचा रंग कोणता? कोणास कांहीं दुखणें आहे काय? घंटा वाजून कोणीं उचललें नाहीं, अगर उचलणाऱ्यास "मला ठाऊक नाहीं, ते आले कीं सांगतें" एवढेंच म्हणतां आलें, तर तितका वेळ फुकट गेला.

येथें एकत्र कुटुंबासारखें दुसरें बंदर नाहीं. त्या घरांत चोवीस तास कोणीतरी असतेंच. फक्त माहिती एकट्या थोरल्या काकांच्या डोक्यांत न राहतां एका कागदावर यावी: नौकेचें नांव व रंग, तिघांचीं नांवें, औषधें, यंत्राचा क्रमांक, किती दिवसांचें अन्नपाणी आहे, कोणत्या बंदरीं केव्हां पोंचणार, आणि ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर कळवावयाचें. वारा पडला तर दोन दिवसांचा उशीर होणें साहजिक आहे. म्हणून ही मुदत आधींच ठरलेली असावी, म्हणजे घरांत उगाच रडारड होत नाहीं व खरोखर गरज असतां संकोचही आड येत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या पुतण्यास कळविलें व परवां पुन्हां त्या घरीं गेलों. या खेपेस तो आजींच्या शेजारींच बसला होता. पिशवी उघडून एकेक वस्तु दाखवीत होता व आजी चष्मा सांवरून पाहत होत्या. सर्व पाहून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "रात्रीं दोघे निजलेले असतां तिसरा पडला, तर त्या दोघांना कळणार कसें?"

मुलगा गप्प झाला. नकाशे, यंत्रें, पुस्तकें सर्व कांहीं पाहून झालें होतें. हा प्रश्न मात्र त्या तिघांपैकीं कोणास सुचला नव्हता. त्याच संध्याकाळीं त्यानें मित्रांस बोलावून नियम ठरविला: सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत, समुद्र कितीही शांत असो, वर एकटा बसणाऱ्यानें कमरेचा दोर नौकेस अडकविल्याशिवाय पहाऱ्यावरच्यास खालीं जाऊं द्यावयाचें नाहीं, आणि दोर अडकविल्याचें जाणाऱ्यानें हातानें ओढून पाहावयाचें.

तो कागद आतां दूरध्वनीच्या वर भिंतीस लाविला आहे. अक्षर मुद्दाम मोठें काढलें आहे, आजींना दिसावें म्हणून. आम्हीं निरोप घेतला तेव्हां वहिनी लाडवांचा डबा बंद करीत होत्या आणि थोरले काका आईस विचारीत होते, "आणखी कांहीं सुचतें काय?"