कोठाराची किल्ली
दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारे रयतेस खुली केली, हे मंगळवेढ्यास सांगावयास नको. त्याच सोलापूर जिल्ह्यात ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एकजीव झाले. सोय मोठी, जोखीमही तेवढीच. एका जागचा बिघाड किती दूर पसरतो, हे उत्तर व पूर्व भारताने जुलै २०१२ मध्ये अंधारात बसून अनुभविले होते. जाळे एक झाल्यावर त्याच्या रक्षणाचे संशोधन खात्याखात्यांत वाटून कसे चालेल? बिघाडांच्या आणि संगणकी हल्ल्यांच्या नोंदी कपाटात राहिल्या, तर विद्यापीठांनी अभ्यास कशाचा करावा? गुप्तता हवीच, शत्रूस नकाशे द्या, असे कोण म्हणतो? परंतु पारखलेल्या संशोधकांस त्या नोंदी मिळाव्यात, असा नियम केंद्राने विनाविलंब करावा.