ॲव्हरेज फक्त चालकाचेच तपासायचे काय?

अमेरिकेच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये करांविषयीचे एक भले मोठे विधेयक मंजूर केले. शेकडो पानांच्या त्या कायद्यात एक लहानसे कलम मोटारींच्या इंधनवापराचे आहे. १९७३ च्या तेलटंचाईचे चटके बसल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला. प्रत्येक मोटार कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्यांची सरासरी काढायची, आणि एका गॅलन पेट्रोलमागे ती ठरलेल्या मैलांपेक्षा कमी भरली तर कंपनीने दंड भरायचा. हा कायदा २०२५ मध्ये रद्द केलेला नाही. कायदा आहे, सरासरी आहे, कोष्टकेही आहेत. फक्त दंडाची रक्कम शून्य डॉलर करून टाकली आहे.

अमेरिकेतल्या मोटारींशी सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावातल्या रेल्वे आणि टपाल कामगारांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आमच्या रोजच्या ड्यूटीतला आहे.

जबलपूर-कटनी मार्गावर डिझेल इंजिने धावत होती तेव्हा लोको पायलटला ट्रिप रेशन ठरवून दिलेले असे. एवढा भार, एवढे अंतर, तर एवढेच लिटर. जास्त जळले की जाब. त्याआधी कोळशाचाही असाच हिशेब होता. मेल मोटार सर्व्हिसच्या चालकाला लॉगबुकात किलोमीटर आणि लिटर भरावे लागतात. महाराष्ट्रात एसटीच्या चालकाला केएमपीएल कमी पडल्याबद्दल आगारात उभे केले जाते. आणि खाजगी ट्रकवाल्याची तर कथाच वेगळी! मालक गाडीचा ॲव्हरेज आधीच ठरवून त्या हिशेबाने डिझेल देतो. त्यापेक्षा जास्त लागले तर फरक ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो. इंजिन जुने असो, टायर झिजलेले असोत, माल जास्त भरलेला असो, कोणी विचारत नाही. ग्रामीण डाक सेवक स्वतःच्या मोटारसायकलवर वाड्या-वस्त्या पालथ्या घालतो, त्याचे पेट्रोल बहुतेक त्याच्याच खिशातले.

म्हणजे इंधन वाचवण्याचा नियम आम्हाला नवा नाही. तो दंडासकट पिढ्यान्‌पिढ्या कामगारावर लागू आहे. प्रश्न निघतो तो हाच नियम गाडी बनवणाऱ्यावर लावायची वेळ आली की! तेव्हा मात्र दंड जाचक ठरतो, उद्योग बुडतो, आणि कामगारांच्या नोकऱ्यांचा कळवळा येतो.

आपल्या देशात काय चालले आहे तेही पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मोटारींसाठी 'कॅफे' नावाने ओळखली जाणारी मानके जानेवारी २०१४ मध्ये अधिसूचित झाली आणि २०१७-१८ पासून लागू झाली. पहिल्या टप्प्यात कंपनीच्या गाड्यांची सरासरी १०० किलोमीटरला ५.४९ लिटर पेट्रोल, २०२२-२३ पासून ४.७७ लिटर. पण हा आकडा सर्वांना सारखा नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर हलतो. ज्याच्या गाड्या जड, त्याला जास्त इंधन जाळायची मुभा. शिवाय विजेवर चालणारी एक गाडी विकली की हिशेबात ती तीन गाड्या म्हणून धरतात. चार विजेच्या गाड्या विकायच्या आणि त्यांच्या आडोशाने धिप्पाड डिझेल गाड्या काढायच्या, असा मार्ग नियमातच ठेवलेला आहे.

२०२२ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा दंडाला दात आले. १ जानेवारी २०२३ पासून, १०० किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चूक झाली तर गाडीमागे २५ हजार रुपये, त्याहून जास्त चुकल्यास ५० हजार. नोव्हेंबर २०२४ मध्ये वृत्तपत्रांत बातमी आली की २०२२-२३ या वर्षासाठी आठ कंपन्यांचा दंड ७ हजार कोटींच्या वर जाऊ शकतो. लगेच वाद सुरू झाला: दंड जानेवारीपासून लागू, मग आधीच्या नऊ महिन्यांच्या गाड्यांना तो कसा लावता? ट्रक ड्रायव्हरचा पगार कापताना तारखेचा असा बारकावा कोणी कधी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने एप्रिल २०२७ पासूनच्या टप्प्याचा मसुदा काढला. त्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या, १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांना जादा सवलत सुचवली होती. त्यावरून कारखानदारांतच जुंपली. मारुतीला सवलत हवी, टाटा-महिंद्रांचा तिला विरोध. कामगाराने यात कोणाची बाजू घ्यावी? निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून पॉइंट्समन किंवा पोस्टमन गाडी घेईल तर ती लहानच घेईल, हे खरे. तिची किंमत वाढू नये हेही खरे. पण लहान गाडीला सूट हवी म्हणून सगळी चौकटच सैल करण्याची गरज नाही. वजनाप्रमाणे मिळणारी मुभा कमी करा, जड गाडीवाल्याकडून जास्त घ्या. लहान गाडीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. या बाजूने बोलायला मात्र कोणतीच कंपनी पुढे येत नाही.

मोटारींचा एवढा गाजावाजा, पण सिहोऱ्याच्या लोकांना रोज दिसतात ते ट्रक. तहसिलीत लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि खाणीतला माल आधी ट्रकनेच हलतो. बारा टनांवरच्या डिझेल वाहनांची इंधन मानके ऑगस्ट २०१७ मध्ये अधिसूचित झाली, १ एप्रिल २०१८ पासून लागू व्हायची होती. झाली नाहीत. जुलै २०२२ मध्ये रस्तेवाहतूक मंत्रालयाने नवी अधिसूचना काढून १ एप्रिल २०२३ ही तारीख दिली. कोणी विधेयक आणले नाही, कोणी मतदान केले नाही. पाच वर्षे नुसती तारीख पुढे गेली. अमेरिकेत दंड शून्य केला, आपल्याकडे मुदत लांबवली. जादा डिझेलचे बिल दोन्हीकडे वाहन चालवणाऱ्याने आणि भाडे देणाऱ्याने भरले. आणि ट्रकची चाचणी कशी, तर चाचणी-मार्गावर ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा एकसारख्या वेगाने. खाणीच्या रस्त्यावर कोणता ट्रक एकसारखा चालतो ते चाचणी ठरवणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे.

आता नोकऱ्यांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याच जबलपुरात व्हेईकल फॅक्टरी आहे. वाहन कारखान्यावर किती घरे चालतात ते आम्हाला सांगायला नको. पण अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या संघटनेचा, युनायटेड ऑटो वर्कर्सचा, इतिहास आपण नजरेखालून घालावा. १९९० मध्ये सिनेटर रिचर्ड ब्रायन यांनी २००१ पर्यंत मोटारींची सरासरी ४० टक्क्यांनी सुधारण्याचे विधेयक आणले. कंपन्या विरोधात, आणि नोकऱ्या जातील या भीतीने युनियनही कंपन्यांच्या बाजूला. विधेयकावरची चर्चा संपवून मतदान घ्यायला ६० मते लागत होती, ५७ पडली. पुढे १९९६ ते २००१ या अर्थसंकल्पी वर्षांत संसदेने मानके वाढवण्याच्या कामावर पैसा खर्च करायलाच बंदी घातली. कंपन्यांनी त्या काळात जड, खादाड गाड्या काढून नफा कमावला. २००७ च्या करारात नव्या कामगारांना जवळपास निम्म्या वेतनावर घेणे युनियनला मान्य करावे लागले. २००८ मध्ये पेट्रोल भडकले, मंदी आली, त्या गाड्या पडून राहिल्या, आणि २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायसलर यांनी दिवाळखोरी जाहीर केली. दिवाळखोरीला इतरही कारणे होती, पण नियम अडवून नोकऱ्या वाचल्या नाहीत एवढे नक्की. २०११ मध्ये त्याच युनियनने कडक मानकांना पाठिंबा दिला.

रेल्वेत वाफ गेली, डिझेल आले, मग वीज आली. प्रत्येक वेळी संघटनेची मागणी इंजिन बदलू नका अशी नव्हती. फायरमनला, शेडमधल्या फिटरला नवे काम शिकवा, कपात करू नका, बदलीच्या नावाखाली पांगवू नका, अशी होती. मोटार उद्योगातल्या आपल्या भावांनीही हीच मागणी धरावी, आणि फेडरेशनने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

म्हणून आमची सूचना अशी. फेडरेशनने ऊर्जा मंत्रालयाकडे निवेदन द्यावे, त्यात दंडाच्या कलमाला हात लावू नये आणि जड गाड्यांची वजनाची मुभा घटवावी, असे स्पष्ट म्हणावे. ट्रकची मानके पुन्हा पुढे ढकलली जाऊ नयेत. आणि ड्रायव्हरच्या पगारातून डिझेलची कपात करायला बंदी असावी. निदान जोवर त्याच्या गाडीचा खरा ॲव्हरेज त्रयस्थाने भरल्या मालासह तपासून लेखी दिलेला नाही तोवर तरी. निवेदनाची प्रत शाखांकडे यावी, म्हणजे सिहोऱ्याच्या ट्रक ड्रायव्हरांनाही ती वाचून दाखवता येईल.