तीन बदामांना उत्तर

प्रतिस्पर्ध्याने पहिल्याच तोंडी ‘तीन बदाम’ अशी बोली लावली, की बेळगावात काय आणि निपाणीत काय, टेबलाभोवतीचे पुष्कळसे सभ्य गृहस्थ ती आपल्या इभ्रतीवर बजावलेली नोटीस समजतात, आणि हातातील पत्ते बाजूला ठेवून जणू त्या फिर्यादीचा निकाल तत्काळ लावण्याच्या उद्योगास लागतात. वास्तविक, दुसऱ्याने परस्पर ठरवून टाकलेल्या गोष्टीला उत्तर देत बसण्याचा सराव सीमाभागास १९५६ पासून आहे. तो संयम ब्रिजच्या टेबलावर कोठे जातो, कोण जाणे.

तीन बदाम म्हणणाऱ्याची दौलत बहुधा सात बदाम आणि दहाहून कमी गुण एवढीच असते. आपला आणि आपल्या भिडूचा संवाद सुरू होण्यापूर्वीच संपावा, म्हणून त्याने खालच्या पायऱ्या एकदम जप्त केलेल्या असतात. आता समजा आपल्या हाती इस्पिकचे एक्का, राणी, नव्वी, दुर्री, बदामाची एकुलती सत्ती, चौकटचे राजा, गुलाम आणि दोन लहान पाने, किलवरचे एक्का, गुलाम आणि दोन लहान पाने आहेत. या पंधरा गुणांवर ‘तीन इस्पिक’ ठोकणारा मनुष्य शूर असेल, शहाणा खास नाही. कारण चारच इस्पिके असताना, उरलेल्या दोन रंगांची दारे तो स्वतःच लावून घेतो. येथे ‘डबल’ म्हणावे. हा डबल म्हणजे भिडूस केलेली पृच्छा आहे, आणि पाच इस्पिके व सहा गुण असलेल्या भिडूने ‘तीन इस्पिक’, दहा गुण असलेल्याने थेट ‘चार इस्पिक’ म्हणून तिचे उत्तर द्यावे.

खरी कसोटी मात्र बदामच भरपूर हाती आले म्हणजे लागते. राजा, गुलाम, दश्शी यांसह पाच बदाम पाहून ज्याचे हात शिवशिवतात, त्याने डबल केला तर भिडू प्रामाणिकपणे दुसरा रंग सांगणार आणि शिकार निसटणार. म्हणून त्याने मुकाट्याने पास म्हणावे. पुढची जबाबदारी भिडूची, आणि आपल्याकडील पुष्कळ भिडू ती पार पाडीत नाहीत, ही माझी तक्रार आहे. बदामाचे एकच पान असता, सहकाऱ्याच्या मौनात बळ दडलेले असू शकते हे ओळखून, बारा-तेरा गुणांवरही त्याने डबल करावा. मग तो डबल आपल्याला पास म्हणून कायम ठेवता येतो. प्रतिपक्ष व्हल्नरेबल नसताना तीन हात कमी पडले तरी ५०० गुण पदरात पडतात, तेच आपणही व्हल्नरेबल नसताना चार इस्पिकचा डाव नेमका केला असता ४२० मिळाले असते. प्रतिपक्ष व्हल्नरेबल असला, तर तेवढ्याच हातांचे ८००.