चेहऱ्याचा रोजमेळ

बँकेत मी चौतीस वर्षे नोकरी केली. त्या काळात शाखा बदलल्या, जाड खातेवह्या जाऊन संगणक आले, पण एक नियम बदलला नाही. दिवसाची रोकड जुळल्याखेरीज तिजोरी बंद होत नसे. दहा रुपयांचा फरक असला तरी रोखपाल आणि अधिकारी दोघेही थांबत. आपल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. पेढीवरचा रोजमेळ जुळवल्यावाचून जुनी माणसे गादीवरून उठत नसत. आजचे येणे-देणे उद्यावर टाकले की उद्याचाही हिशेब बिघडतो, हे व्यापारी घरातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

चेहऱ्यालाही हाच नियम लागू आहे, हे मला साठी उलटल्यावर एका लग्नघरात उमगले. त्याची किंमत मात्र आमच्या घरात नुकत्याच आलेल्या सुनेने मोजली. मेकअप कसा उतरवावा आणि नंतर त्वचेची निगा कशी राखावी, हा या महिन्याचा विषय आहे. काहींना तो या सदरासाठी हलका वाटेल. त्यांनी पुढील प्रसंग वाचावा आणि मग ठरवावे.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाचे लग्न सांगलीत झाले. मुहूर्त सकाळचा, स्वागतसमारंभ सायंकाळी. मुलीला पहाटे पाच वाजता पार्लरवाल्या बाईंपुढे बसवले होते. सकाळचा मेकअप पुसून दुपारी दुसरा चढला, खोट्या पापण्या चिकटवल्या गेल्या. मुलीला एरवी चष्मा असतो, पण छायाचित्रांत चष्मा बरा दिसत नाही म्हणून तिने डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या होत्या. गृहप्रवेशाला रात्रीचे अकरा वाजले. माप ओलांडून झाले, ओवाळणे झाले, नाव घेणे झाले, पाया पडणे झाले. नवऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरही त्या दिवशी रंग थापलेला होता. तो आत येताच मागच्या मोरीवर गेला, साबणाने खसाखसा तोंड धुऊन आला आणि पंख्याखाली बसला. त्याला कोणी अडवले नाही.

एकच्या सुमारास मुलगी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मोठ्या काकू, तोंड धुवायचं होतं. माझी छोटी बॅग कुठंय?"

तिच्या सामानाच्या खोलीला कुलूप होते. किल्ली माझ्या पुतणीकडे होती आणि ती मुलाला कुशीत घेऊन झोपी गेली होती. जाऊबाई मायेनेच म्हणाल्या, "आता कुठं शोधत बसतेस बाळ? न्हाणीघरापुढं रांग लागलीय. पड जरा, सकाळी धू." मुलीने मान डोलावली. नव्या घरात पहिल्या रात्री आणखी काय करणार? मी तेथेच बसले होते. मीही काही बोलले नाही.

सकाळी तिचा उजवा डोळा लालभडक, सुजलेला, पाण्याने भरलेला होता. प्रकाशाकडे पाहवत नव्हते. जागरणाने झाले असेल म्हणून आम्ही आणखी अर्धा दिवस घालवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम होऊन तेथे जंतुसंसर्ग झाला आहे. लेन्स घालून झोपले की बंद पापणीआड कॉर्नियाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि संसर्गाचा धोका अनेक पटींनी वाढतो. त्यात काजळ-मस्काऱ्याचे कण लेन्सखाली गेले होते, आणि झोपेत तिने डोळा चोळला होता. दिवसरात्र दर तासाला थेंब घालावे लागले. तीन आठवड्यांनी डोळा निवला. दृष्टी वाचली, पण पडद्यावर एक पुसट डाग राहिला आहे. रात्री समोरून गाडीचा दिवा आला की त्या डोळ्याला प्रकाश फाकल्यासारखा दिसतो, असे ती सांगते. तक्रार म्हणून नव्हे, मी विचारले म्हणून.

या प्रसंगानंतर मी या विषयाची रीतसर माहिती घेतली. तिचा गोषवारा येथे देते.

प्रथम कारण समजून घेऊ. टिकाऊ मेकअप पाण्याने का निघत नाही? त्यात मेण, तेल आणि सिलिकोन असते आणि घामाने ओघळू नये म्हणूनच ते घातलेले असते. जे घामाला दाद देत नाही ते नळाच्या पाण्यालाही देत नाही. तेलात मिसळणारे तेलानेच सुटते. ही युक्ती जुनी आहे. मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेल्या कोल्ड क्रीमचे श्रेय दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याला दिले जाते. लांब कशाला जावे? सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांचे सीतास्वयंवर येथेच झाले. प्रयोग संपल्यावर नटमंडळी खोबरेल चोळून तोंडावरचा रंग उतरवत, हे आमच्या लहानपणी ठाऊक असलेले दृश्य होते. नट कितीही थकला असला तरी रंग अंगावर घेऊन झोपत नसे.

आता क्रम. हा क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि लेन्स काढाव्यात. मेकअपला हात लावण्यापूर्वीच काढाव्यात, म्हणजे तेल आणि रंग लेन्सवर बसत नाहीत. लेन्स नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्यात ठेवू नयेत; त्यांच्या द्रावणातच ठेवाव्यात. द्रावण रोज नवे घ्यावे.

नंतर डोळे. कापसाच्या चकतीवर तेलयुक्त मेकअप रिमूव्हर घेऊन ती मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसती टेकवून ठेवावी. चोळू नये. खोट्या पापण्यांचा गोंदही असाच मऊ करून बाहेरच्या कोपऱ्याकडून अलगद सोडवावा. ओढल्यास खऱ्या पापण्याही हाती येतात. मग वरून खाली हलकेच पुसावे. पापणीच्या कडेला सूक्ष्म तैलग्रंथींची तोंडे असतात. तेथे काजळ साचून राहिले की ती बुजतात, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात आणि कडा सुजतात.

त्यानंतर ओठ आणि उरलेला चेहरा. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी क्लेन्झिंग तेल किंवा बाम लावून मिनिटभर बोटे गोलाकार फिरवावीत, मग ओला हात लावावा. ते दुधासारखे पांढरे झाले की कोमट पाण्याने धुवावे. साध्या मेकअपला मायसेलर वॉटर पुरते. त्यातील साबणासारख्या रेणूंचे लहान पुंजके मळ आणि तेल आपल्या पोटात ओढून घेतात. घरचे खोबरेलही रंग काढते, पण ज्यांना मुरुमांचा त्रास आहे त्यांची छिद्रे त्याने बुजतात. म्हणून ते लावलेच तर नंतर पूर्ण धुऊन टाकावे. ओल्या पुसणीने, म्हणजे वाइप्सने, रंग बराचसा पसरतो आणि थोडा निघतो. प्रवासात ठीक, पण त्यावर दिवसाचा हिशेब बंद करू नये.

मग सौम्य फेसवॉशने एकदा धुवावे. येथे पुष्कळ घरांत अंगाचा साबण वापरतात. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. नेहमीच्या साबणवडीचा ९ ते १० असतो. आधीच दिवसभर दमलेल्या त्वचेवरचे संरक्षक कवच त्याने आणखी ओरबाडले जाते. केसांची कड, कानामागची जागा, जबड्याखालचा भाग, मान आणि खोल गळ्याच्या पोलक्यामुळे पाठीवर लावलेला रंग, ही विसरली जाणारी खाती आहेत. तीही पाहावीत.

धुतल्यावर स्वच्छ पंचा टिपकागदासारखा नुसता टेकवावा. त्वचा किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरामाइड असलेले साधे, शक्यतो बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे, म्हणजे आतला ओलावा टिकतो. ओठांना पेट्रोलियम जेली. त्या रात्री एवढेच. डाळीच्या पिठाने घासणे, लिंबू, खाण्याचा सोडा, बारीक खड्यांचे स्क्रब, रेटिनॉल किंवा आम्लयुक्त सीरम, दुसऱ्या दिवशी लगेच ब्लीच, यांतले काही नको. सकाळी साध्या पाण्याने तोंड धुऊन मॉइश्चरायझर आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. पूजेला किंवा पाहुण्यांपुढे पुन्हा मेकअप करावाच लागला तर हलका करावा आणि एखादा दिवस तरी मोकळा सोडावा. त्वचेचा वरचा थर तरुणपणी साधारण महिनाभरात नवा होतो, वय वाढेल तसा अधिक वेळ लागतो. तिला आपले काम करू द्यावे.

रोज थोडाच मेकअप करणाऱ्यांनाही हे लागू आहे. सौंदर्यप्रसाधनांनी येणाऱ्या बारीक मुरुमांचे वर्णन त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ मध्येच केले होते. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यावा, अर्धा उरला तरी. व्यापारी मनाला हे जड जाते, मला ठाऊक आहे. काजळाची कांडी बहिणीबहिणींतही वाटून घेऊ नये. ब्रश आठवड्यातून एकदा धुवावेत. डोळा दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर घरचे थेंब घालीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आम्ही अर्धा दिवस गमावला, तो तुम्ही गमावू नका.

खरेदी करताना वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचावीत. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून मिळते. सीआय ७५४७० हा लाल रंग, म्हणजे कार्माइन, किड्यांपासून काढतात. आपल्या घरांना हे कळलेले बरे. वनस्पतिजन्य पर्याय बाजारात आहेत.

आता हिशेबाचा मुद्दा, कारण सवय सुटत नाही. त्या लग्नाची यादी मी स्वतः लिहिली होती. बस्ता, भांडी, आचारी, मंडप, पार्लरवाल्या बाईंचे दोन वेळचे मिळून अनेक हजार. ते सारे उतरवण्यासाठी यादीत एक पैसाही नव्हता. रिमूव्हर, कापूस आणि फेसवॉश काही शे रुपयांत येतात. यादीत दुसरीही एक नोंद नव्हती, तिला पैसे पडत नाहीत. ती म्हणजे मुलीला रात्री दारामागे एकटीला मिळालेली वीस मिनिटे.

हे मागणे नव्या सुनेवर सोडू नये. ती मागणार नाही. मागितले तर एकदाच, हळू आवाजात मागेल. तिला सकाळी धू म्हणणाऱ्या जाऊबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनाही त्यांच्या लग्नात कोणी विचारले नव्हते, आणि मलाही नाही. आमच्या वेळी फार तर हळद, कुंकू आणि पावडर एवढेच तोंडावर असे, म्हणून निभावले.

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न झाले. यादीच्या पहिल्या पानावर मी एक ओळ लिहिली आणि एक लहान कापडी पिशवी शिवून घेतली. तिच्यात चष्मा, लेन्सची डबी आणि द्रावण, रिमूव्हर, कापूस, फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि एक मऊ पंचा. ती पिशवी सामानात गेली नाही, पाठराखीण म्हणून गेलेल्या माझ्या बहिणीच्या खांद्यावर राहिली. गृहप्रवेश झाल्यावर बहिणीने विहीणबाईंना बाजूला घेऊन नम्रपणे सांगितले, "ताई, पोरीला वीस मिनिटं न्हाणीघर द्या, मग पुढचं सगळं करू." त्या लगेच उठल्या, रांगेतल्या मंडळींना बाजूला सारले आणि दाराशी स्वतः उभ्या राहिल्या.

त्या विहीणबाईंचा फोन परवा आला होता. त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न मार्गशीर्षात आहे. पिशवीत काय काय भरायचे, ते त्या लिहून घेत होत्या.

जय जिनेंद्र.