आधी लाइन, मग क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक मत आता जवळजवळ निर्विवाद मानले जाते. बरा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, हाती असेल तर तो मागेल ती रक्कम द्या, कारण त्याच्यावाचून जिंकता येत नाही. दर उन्हाळ्यात कोणीतरी नवा करार करतो, आधीच्या विक्रमावर थोडी भर घालतो आणि समालोचक सांगतात की बाजारभावच तसा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये डॅलस काउबॉइजने क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला चार वर्षांसाठी 24 कोटी डॉलर कबूल केले. वर्षाला सरासरी सहा कोटी, आणि त्या मोसमात प्रत्येक संघाची एकूण वेतनमर्यादा होती 25.54 कोटी. नोव्हेंबरमध्ये प्रेस्कॉट जखमी होऊन मोसमाला मुकला आणि डॅलसने 7 सामने जिंकून 10 गमावले. दुखापत हा दैवाचा भाग आहे, तिचे खापर करारावर फोडणार नाही. माझा आक्षेप त्या करारामागच्या विचाराला आहे.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये 1994 पासून वेतनमर्यादा आहे. आयपीएलच्या लिलावात संघाच्या पैशाला मर्यादा असते, तशीच ही. त्या रकमेत 53 जण सांभाळायचे असतात. एकाच्या पदरात जास्त पडले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी पदरातून जाते, आणि बहुतेक वेळा तो दुसरा माणूस आक्रमणाच्या लाइनमधला, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतला, किंवा बचावातला असतो.

यावर पहिले उत्तर येते ते असे की ही मर्यादा कागदावरची आहे. पगाराचे बोनसमध्ये रूपांतर करा, तो पाच वर्षांत विभागून दाखवा, आज जागा मोकळी होते. होते खरी, पण ती उधारी आहे आणि उधारी फेडावी लागते. डेन्व्हरचा अनुभव या बाबतीत इतका स्पष्ट आहे की तो सविस्तर सांगायला हवा. मार्च 2022 मध्ये डेन्व्हरने सिअ‍ॅटलकडून क्वार्टरबॅक रसेल विल्सन घेतला. त्याच्यासाठी ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवखे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधल्या, पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि तीन खेळाडू दिले. त्याने डेन्व्हरसाठी एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी 24 कोटींहून मोठा वाढीव करार केला. पहिल्याच मोसमात संघ 5-12 वर कोसळला. दोन मोसमांनंतर विल्सनला सोडून दिले, तेव्हा न खेळणाऱ्या माणसाच्या नावावर वेतनमर्यादेतले सुमारे साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांत अडकले. आणि 2024 मध्ये, हे ओझे डोक्यावर असताना, बो निक्स या नवख्या क्वार्टरबॅकला घेऊन डेन्व्हरने 10-7 अशी कामगिरी केली आणि प्लेऑफ गाठले.

व्यवहाराची दुसरी बाजू याहून बोलकी आहे. सिअ‍ॅटलने विल्सनच्या जागी जीनो स्मिथला एका वर्षाच्या स्वस्त करारावर उभे केले. डेन्व्हरकडून मिळालेल्या पहिल्या निवडीवर चार्ल्स क्रॉस हा लेफ्ट टॅकल घेतला. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, ती बाजू राखणारा हा माणूस. त्या वर्षी प्लेऑफमध्ये गेले ते सिअ‍ॅटल.

दुसरे उत्तर भीतीचे असते. हा गेला तर दुसरा मिळेलच कशावरून? ही भीती मला समजते. क्वार्टरबॅकच्या शोधात अनेक संघांची वर्षेच्या वर्षे वाया गेली आहेत. पण भीतीपोटी केलेली खरेदी कशी अंगलट येते ते क्लीव्हलंडने दाखवले आहे. देशॉन वॉटसनसाठी 2022 मध्ये पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि पूर्ण हमीचे 23 कोटी डॉलर दिले. 2024 चा मोसम 3-14 वर संपला. ज्या निवडींतून संघ उभा राहतो त्याच गेल्या, आणि पैसाही गेला.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा पॅट्रिक माहोम्स हा आहे, हे मान्य करतो. कॅन्सस सिटीने 2020 मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा 45 कोटींचा करार केला आणि त्यानंतरही दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. पण ते कसे जिंकले ते पाहा. फेब्रुवारी 2021 च्या अंतिम सामन्यात दोन्ही मुख्य टॅकल जखमी होते, माहोम्स सामनाभर जीव मुठीत धरून पळत राहिला आणि संघ 31-9 असा हरला. लगेच व्यवस्थापनाने लाइन मुळापासून नवी बांधली. पुढच्या वर्षी टायरीक हिलसारखा वेगवान रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) मायामीला देऊन पाच निवडी घेतल्या, बचावात ट्रेंट मॅकडफी आणि जॉर्ज कार्लाफ्टिससारखे नवखे उतरवले, आणि त्याच मोसमात करंडक जिंकला. म्हणजे माहोम्सला पैसे देऊनही संघ जिंकला तो बाकीचा हिशेब काटेकोर ठेवल्यामुळे.

हिशेब चुकला तेव्हा काय झाले, तेही सर्वांनी पाहिले. फेब्रुवारी 2025, न्यू ऑर्लिन्समधला सुपर बोल. भरवशाचा लेफ्ट टॅकल नसल्यामुळे कॅन्सस सिटीने जो थूनी या लाइनमधल्या गार्डला त्या जागी सरकवले होते. फिलाडेल्फियाने माहोम्सवर एकदाही जास्तीची माणसे धाडली नाहीत. पुढच्या चौघांच्या बळावरच त्यांनी माहोम्सला सहा वेळा पाडले. मध्यंतराला फलक 24-0 होता आणि कॅन्सस सिटीच्या आक्रमणाची कमाई अवघी 23 यार्ड. जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात उचलेपर्यंत समोरचा माणूस अंगावर येत होता. अशा वेळी 45 कोटींचा हात काय करणार?

सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याहून दुर्दैवी. 2024 मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक 4,918 यार्ड फेकले. बाल्टिमोरविरुद्ध पाच टचडाउन फेकूनही सामना 41-38 असा गेला, कारण बचावाला कोणालाच थोपवता येत नव्हते. संघ प्लेऑफबाहेर राहिला. त्यानंतर सिनसिनाटीने काय केले? जमार चेस आणि टी हिगिन्स या दोन रिसीव्हरना मिळून 27.6 कोटींचे करार दिले. इतक्या गुणी खेळाडूची उमेदीची वर्षे अशी जाताना पाहून राग येतो.

मग क्वार्टरबॅकला पैसे देऊच नयेत? असे मी म्हणत नाही. फिलाडेल्फियाने जेलन हर्ट्सला 25.5 कोटींचा करार दिलाच आहे. पण त्यांचा क्रम वेगळा. 2019 मध्ये कार्सन वेंट्झला 12.8 कोटी देऊनही त्यांनी 2020 च्या दुसऱ्या फेरीत हर्ट्स घेतला, तेव्हा त्यांच्यावर चौफेर टीका झाली. वेंट्झ घसरला, हर्ट्स तयार होता. ड्राफ्टमधल्या नवख्यांचे पगार लीग आणि खेळाडू संघटनेतल्या 2011 च्या करारापासून बांधलेले आहेत. त्याआधीच्या वर्षी सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे 7.8 कोटी मिळाले होते, 2011 मध्ये कॅम न्यूटनला चार वर्षांचे 2.2 कोटी. एवढी स्वस्त संधी असताना दुसरा क्वार्टरबॅक घडवत न ठेवणे हा निव्वळ आळस आहे. आणि लाइन? जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या तरुणाला त्यांनी 2018 च्या सातव्या फेरीत घेतले आणि शिकवून लेफ्ट टॅकल बनवले. त्याच लाइनमागून साक्वॉन बार्कली 2024 मध्ये 2,005 यार्ड धावला.

संघमालकांनी आणि व्यवस्थापकांनी वर्षाला सहा कोटींच्या करारावर सही करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: पुढची तीन वर्षे तुमचा लेफ्ट टॅकल कोण? नाव सांगता येत नसेल तर सही करू नये.